ऐकणाऱ्यावांचून संभाषण

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यास बोलावयास शिकावें लागेल, अशी मला कल्पना नव्हती. परंतु कांहीं काळापूर्वीं एका दूरच्या विद्यापीठांत ‘संभाषण-कौशल्या’चा वर्ग पुरा करण्याचा प्रसंग मजवर आला. उभें कसें राहावें, हात कोठें ठेवावे, श्रोत्यांच्या डोळ्यांस डोळे कसे भिडवावे, हें सर्व तेथें इंग्रजींतून व पडद्यावरील चित्रांच्या साह्यानें शिकविण्यांत आलें. शेवटीं प्रमाणपत्रही मिळालें. एकच प्रश्न तेथें कोणीं विचारला नाहीं : आपण बोलावयाचें तें कोणाशीं?

हा प्रश्न थट्टेचा नव्हे. मी यवतमाळ जिल्ह्यांत शिकवितों. येथें घरीं वऱ्हाडी बोलणारीं मुलें आहेत, तांड्यावरचीं गोरमाटी बोलणारीं आहेत, पोडावरचीं कोलामी बोलणारीं आहेत, गोंडी बोलणारींही आहेत. आजीशीं एका भाषेंत, बाजारांत दुसऱ्या व गुरुजींशीं तिसऱ्या, असा त्यांचा रोजचा व्यवहार. आणि त्यांनाच आम्ही सांगतों कीं, तुम्हांस बोलतां येत नाहीं! इंग्रजी अवश्य शिकवावी. नोकरीस ती लागते, आणि तीच शिकवून मीं आजवर पोट भरलें आहे. परंतु इंग्रजीला इंग्रजीच म्हणावें. तिला ‘संभाषण’ हें नांव दिलें कीं, ती न येणारा मनुष्य आपोआप मुका ठरतो. अशा ‘मुक्यां’च्या नांवापुढें कमी गुण मांडणाऱ्यांत मीही होतों, हें कबूल केलें पाहिजे.

संभाषणाचें कौशल्य खरोखर कोठें लागतें तें पाहा. २०१७ सालीं आमच्या जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. शेंकडों इस्पितळांत गेले. कारणें अनेक होतीं : पुरुषभर वाढलेली कपाशी, जहाल औषधांचीं मिश्रणें, तोंडाला फडकें नाहीं, हातांत मोजे नाहींत. परंतु एक कारण आमच्या विषयांतलें आहे. औषधाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटीं हिरवा. हिरवा म्हणजेही विषच, फक्त त्यांतल्या त्यांत सौम्य. परंतु ज्यानें उभ्या जन्मांत हिरवा रंग पिकाचाच पाहिला, त्यानें तो अभयाचा समजला तर दोष कोणाचा? सोबतच्या पत्रकांत सूचना असतात, त्या मुंगीएवढ्या अक्षरांत. छापणाऱ्याचें कर्तव्य संपलें! मजुराला कळलें कीं नाहीं, हें पाहणें कोणाच्याच अभ्यासक्रमांत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें ज्या अमरावती विद्यापीठास जोडलेलीं आहेत, त्याला संत गाडगेबाबांचें नांव आहे. याहून योग्य नांव सांपडलें नसतें. १९५६ सालीं निवर्तलेल्या या पुरुषानें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. ते आधीं गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. दारू, कर्ज, पशुहत्या यांविषयीं ते लोकांनाच प्रश्न विचारीत व लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. गांव झाडतांना गांवाची ओळख होई, म्हणून रात्रींचा शब्द नेमका घाव घाली. आम्ही झाडू टाकून दिला आणि नुसतें उभें राहण्याचें शास्त्र तेवढें शिकवीत बसलों.

म्हणून माझी सूचना साधी आहे. या विषयाची परीक्षा सभागृहांत न घेतां शेताच्या बांधावर घ्यावी. विद्यार्थ्यानें औषधाचें पत्रक घेऊन, वाऱ्याच्या तोंडीं फवारूं नये, अंगावर सांडल्यास काय करावें, हें एका मजुराला त्याच्या बोलींत समजावून द्यावें. मग परीक्षकानें विद्यार्थ्याला कांहींएक न विचारतां त्या मजुराला विचारावें. त्यास सांगतां आलें, तर विद्यार्थी उत्तीर्ण. पोडावरचा माझा विद्यार्थी त्या परीक्षेंत पहिला येईल. आणि मी, प्रमाणपत्र खिशांत असूनही, बहुधा नापास होईन.