फावडे घेऊन लढणारा नायक

आकाशात उडणारा, गुंडांच्या टोळ्या एकट्याने लोळवणारा महानायक आपल्या मुलामुलींच्या चांगल्याच ओळखीचा आहे. १९३८ सालचा सुपरमॅन परग्रहावर जन्मला म्हणून शक्तिमान. १९३९ सालचा बॅटमॅन बापाच्या अफाट संपत्तीचा वारस. एकाचे मोठेपण जन्माचे, दुसऱ्याचे वारशाचे. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे हसतखेळत उत्तर देणारा 'मिस्टरी मेन' हा चित्रपट १९९९ साली अमेरिकेत निघाला. बॉब बर्डन यांच्या चित्रकथांतील पात्रांवर तो बेतलेला आहे. यातला एक नायक फावडे घेऊन लढतो. दुसरा शत्रूवर जेवणाचे काटे-चमचे फेकतो. तिसऱ्याची शक्ती म्हणजे नुसता राग! शहराचा मान्यवर महानायक मात्र अंगावर कंपन्यांच्या जाहिराती मिरवतो. आपले नाव गाजत राहावे म्हणून तो एका दुष्टाची सुटका घडवून आणतो आणि त्याच्याच तावडीत सापडतो. मग शहर वाचवायला उरतात ते हे हसण्यावारी नेलेले लोक.

त्यांच्यात एक मुलगा आहे. त्याला अदृश्य होता येते, पण कोणी पाहत नसेल तेव्हाच! या गमतीवर आम्हीही पोटभर हसलो. पण आयुष्यभर ज्याच्याकडे कोणी लक्षच दिले नाही, असा हा मुलगा आहे. पुढे जिथे माणसाऐवजी यंत्राची बंदूक पहारा देते, तिथे त्याचीच शक्ती कामी येते. असे मूल प्रत्येक शाळेत शेवटच्या बाकावर बसलेले असते.

चित्रपटावर सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले. तिकिटबारीवर त्याच्या निम्म्याच्या आसपासच जमले. तरीही मागाहून त्याला चाहते मिळत गेले. कारण आपल्यातले बहुतेक जण उडणारे नाहीत, फावडेवालेच आहेत.

काटे फेकणाऱ्या नायकाची आईही लक्षात राहते. मुलाचे गुपित कळल्यावर ती रागावत नाही. घरातले जुने चांदीचे काटे-चमचे काढून त्याच्या हाती देते. आमच्या माता-पित्यांना एवढेच सांगणे आहे, की आपले मूल जगावेगळे काही करू पाहत असेल, तर आधी त्याच्याकडे नीट पाहावे. घरात चांदी नसेना का, कौतुकाचे दोन शब्द तर असतातच.