एकराला एकर, पण खोलीचे काय?



रब्बी ज्वारीचे बी निवडताना कृषी विद्यापीठाची शिफारस पहिल्यांदा एकच गोष्ट विचारते: जमीन किती खोल आहे? हलकी असेल तर फुले अनुराधा, मध्यम असेल तर फुले सुचित्रा नाहीतर आपली जुनी मालदांडी ३५-१, भारी असेल तर फुले वसुधा. पाच किलोच्या पिशवीसाठी जो प्रश्न विचारतात, तो शेतकऱ्याची सगळी जमीन घेताना कोणी विचारत नाही. तिथे गट नंबर आणि क्षेत्र एवढ्यावर भागते.

आमचे म्हणणे असे की, उठवलेल्या गावांची खरी लूट इथे झाली आहे.

लांब जायला नको. उजनीचे धरण आपल्या माढा तालुक्यात आहे. १९८० साली ते पुरे झाले. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावे त्यात बुडाली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि वर्तमानपत्रे त्याचा फोटो छापतात. देवळाभोवतीच्या मळईचा फोटो कोणी छापत नाही. कमरेएवढी खोल, नदीने पिढ्यान् पिढ्या गाळ आणून भरलेली ती जमीन. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. म्हणजे यातली बरीच जमीन पुन्हा कधी नांगराखाली येणार नाही.

बदल्यात काय मिळाले? लाभक्षेत्रात ज्याची जमीन स्लॅबच्या वर गेली, त्याच्याकडून काढून धरणग्रस्ताला द्यायची, असा हिशेब. आता ज्याची जाणार तो कोणता तुकडा पुढे करणार? विहिरीजवळचा की माळावरचा? आम्ही त्याच्या जागी असतो तर माळच दिला असता. धरणग्रस्ताच्या पदरात वीतभर मातीखाली मुरूम पडला, देणाऱ्याच्या सातबाऱ्यावर शेरा पडला, आणि दोन शेतकरी एकमेकांचे वैरी झाले. सरकार बाजूला. कागदावर एकराला एकर झाले होते ना!

कोरडवाहू शेतकऱ्याला खोलीचा अर्थ सांगायची गरज नाही. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला दीड-दोनशे मिलिमीटर ओल पुरवते. फूटभर मुरमाड जमिनीत पन्नाससुद्धा राहत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पेरलेली ज्वारी पुढे पावसाचा थेंब न पडता काळ्या रानात कणीस धरते, माळावर ती पोटऱ्यातच वाळते. कापसाचेही तेच. ऑक्टोबरच्या उन्हात पात्या-बोंडे टिकतात की गळतात, हे खालची ओल ठरवते. मग या दोन एकरांना एकच माप कसे?

गंमत म्हणजे हे माप सरकारला माहीत नाही असे नाही. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतसाऱ्याची नवी पाहणी सुरू केली, तीही याच इंदापूर तालुक्यात. पुढे त्या पद्धतीत जमिनीत खड्डे घेऊन मातीची खोली हातांत मोजत आणि तिला आण्यांत प्रत देत. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘आकार’ त्याच घराण्यातला. इंग्रजाने सारा घेण्यासाठी खड्डा खणला. आपल्या सरकारने जमीन घेताना खणला नाही, देताना तर नाहीच. कोणी म्हणेल, रेडी रेकनरमध्ये आकारावरून गट पाडतात. पाडतात, पण तो आकार आजा-पणज्याच्या वेळचा. त्यानंतर तुम्ही घातलेली ताल, तळ्यातून आणून टाकलेला गाळ त्यात कुठे आहे?

कायदे पुष्कळ झाले. राज्याचे पुनर्वसन कायदे १९७६, १९८६ आणि १९९९ सालचे, केंद्राचा २०१३ चा. पहिला येण्याआधीच उजनीचे काम सुरू झाले होते. २०१३ च्या कायद्यात दिलासा रक्कम शंभर टक्के झाली, ही चांगली गोष्ट. पण सिंचन प्रकल्पग्रस्त शेतकरी कुटुंबाला लाभक्षेत्रात ‘शक्यतो’ किमान एक एकर, असे त्यात आहे. कसला एकर, ते नाही. आणि ‘शक्यतो’ या शब्दाची आम्हाला जास्त भीती वाटते.

आता धरणांपेक्षा रस्त्यांचा जोर आहे. शक्तिपीठ महामार्गाचा आराखडा २०२४ साली पुढे आला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातही मोजणीला विरोध झाला. रस्ता कुठून जावा, जावा की नाही, यावर बैठकीत बोलूच. पण मोजणीवाला कोणत्याही प्रकल्पाचा असो, तो येण्याआधी प्रत्येकाने आपल्या गटात तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. मातीची खोली, विहीर, ताल, झाडे यांचा पंचनामा पाच पंचांच्या सह्यांनी करावा. फोटो काढावेत. हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पर्यायी जमीन दाखवली तर तिथेही पहार घेऊन जावे आणि खड्डा घेतल्याशिवाय पसंतीच्या कागदावर सही करू नये. येत्या बैठकीला येताना सातबारा आणि हा पंचनामा बरोबर आणावा.