मुलांना विंडसर्फिंग शिकवायचंय? आधी हे वाचा!

गोव्याच्या किनाऱ्यावर रंगीत शिडाची एखादी फळी पाण्यावरून सुसाट जाताना दिसली, की मुलं हट्ट धरतात, "मलापण हे करायचंय!" आई-बाबांच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो, पडला तर? 'काही होत नाही' हे त्याचं उत्तर नाही, आणि 'नकोच ते' हेही नाही.

खेळ आहे तरी काय?

सर्फिंगची फळी आणि होडीचं शीड यांची जोडी म्हणजे विंडसर्फिंग. इथे ना इंजिन, ना सुकाणू. शिडाची काठी फळीला अशा सांध्याने जोडलेली असते, की ती कुठेही झुकते. पुढे झुकवली की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवली की वाऱ्याकडे. मुलांना तोल, ताकद आणि वारा ओळखणं एकाच वेळी शिकवणारा हा खेळ आहे.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला, महिलांची स्पर्धा १९९२ मध्ये बार्सिलोनाला सुरू झाली. आपल्याकडे गोव्याचे भाऊ-बहीण डेन आणि कात्या कोएल्हो भारताकडून खेळले आहेत. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत एबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक जिंकलं.

कोलकात्यातल्या मुलांचं काय?

आमच्या शहरात पाणी भरपूर आहे, पण सगळं पाणी शिकायचं नसतं. हुगळीत भरती-ओहोटीचा जोर आणि बोटींची वर्दळ असते, तिथे नवशिक्याचं काम नाही. रवींद्र सरोवरात मुलं रोइंग करतात. कलकत्ता रोइंग क्लब तर १८५८ पासूनचा!

याच सरोवरात २१ मे २०२२ च्या संध्याकाळी सराव सुरू असताना 'कालबैसाखी' आली, म्हणजे बंगालमध्ये उन्हाळ्यात अचानक उठणारं वादळ. बोट उलटली आणि दोन शाळकरी मुलं बुडाली. नंतर रोइंग थांबवलं गेलं आणि सुरक्षेचे नियम ठरवून पुन्हा सुरू झालं. ही गोष्ट घाबरवायला सांगत नाही. शांत तळ्यातही आभाळ काही मिनिटांत बदलतं, हे आपण पालकांनी विसरू नये म्हणून सांगतेय. विंडसर्फिंग तर पूर्ण वाऱ्यावरच चालतं.

फी भरण्याआधी हे विचारा

• मदतीची बोट कुठे आहे? ती पाण्यात तयार हवी, कुलूप लावून ठेवलेली नको.

• वारा कुठून वाहतोय? समुद्राकडून किनाऱ्याकडे येणारा वारा मुलाला परत आणतो. किनाऱ्यावरून समुद्राकडे जाणारा वारा दूर नेतो, तेव्हा नवशिक्याने उतरूच नये.

• शीड मुलाच्या मापाचं आहे का? मोठ्यांचं शीड पाण्यातून उचलताना लहान मुलाची कंबर मोडते आणि उत्साहही संपतो.

• लाइफ जॅकेट बसतंय का? खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे.

• सराव थांबवायचा निर्णय कोण घेतं? या प्रश्नावर प्रशिक्षक गडबडले, तर दुसरीकडे चौकशी करा.

मुलांनो, हे तुमच्यासाठी

पडणारच आहात, पहिल्या दिवशी तर दर दोन मिनिटांनी! पण एक नियम पाठ करा: काही झालं तरी फळी सोडायची नाही. फळी तरंगते आणि लांबून दिसते. दमलात तर तिच्यावर बसा, हात हलवा, मदतीची वाट बघा. किनारा जवळ वाटला तरी पोहत निघू नका.

सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पोहण्यापासून करा. कॉलेज स्क्वेअर असो, हेदुआ असो की तुमच्या गावचा तलाव, मुलाला न घाबरता पाण्यावर तरंगता आलं पाहिजे. साधारण सात-आठ वर्षांची, नीट पोहणारी मुलं छोट्या शिडावर शिकू शकतात. मग पावसाळा संपल्यावर गोव्याची सहल ठरवा आणि मंद वाऱ्यात, उथळ पाण्यात पहिला धडा घ्या.

आणि हो, मूल पाण्यात असताना फोन पिशवीत ठेवा. फोटो नंतर काढता येतील, आधी नजर मुलावर!