आधी मागच्या अंदाजाचा हिशेब द्या!

आम्ही वीजग्राहक, शेतकरी, अभियंते, शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र येऊन जाहीर करतो: विजेचा, विकासदराचा, कर्ब उत्सर्जनाचा नवा अंदाज मांडणाऱ्याने आधीच्या अंदाजाचा हिशेब लोकांना दिलाच पाहिजे.

2021-22 साली देशाची विजेची कमाल मागणी 283 गिगावॉटवर जाईल, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अठराव्या सर्वेक्षणाने 2011मध्ये सांगितले होते. प्रत्यक्षात ती 203च्या आसपास राहिली. अशा आकड्यांच्या भरवशावर कर्जे निघतात, जमिनी जातात, पंचवीस-पंचवीस वर्षांचे खरेदी करार होतात. 2018मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीसमोर अडचणीतल्या 34 औष्णिक प्रकल्पांची यादी होती, एकूण क्षमता सुमारे 40 गिगावॉट. कोळशाचा तुटवडा, रखडलेली कामे ही कारणे होतीच; पण कित्येकांच्या विजेला गिऱ्हाईकच नव्हते. जिथे करार झाले, तिथे वीज उचलली नाही तरी वितरण कंपनीला क्षमता आकार, म्हणजे प्रकल्पाचा ठरलेला स्थिर खर्च, भरावा लागतो आणि तो फिरून आपल्याच दरात येतो. घरचे बिल उलगडून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. यातले किती पैसे चुकलेल्या अंदाजापायी गेले, हे कुठल्याच ओळीत सापडत नाही.

अंदाज चुकला म्हणून आम्ही कोणाला आरोपी करत नाही. 2010च्या लिलावात अकरा-बारा रुपये युनिट असलेली सौर वीज 2017मध्ये राजस्थानातल्या भडल्यात 2 रुपये 44 पैशांवर येईल, हे भल्याभल्यांना दिसले नव्हते. म्हणूनच एकच ठाम आकडा नको. कमी, मध्यम, जास्त असे तिन्ही आकडे द्या आणि प्रत्येकामागे कोणता विकासदर धरला, तेही लिहा.

उत्सर्जनाबाबत तर हे फारच गरजेचे आहे. 2005 ते 2020 या काळात भारताची उत्सर्जन तीव्रता 36 टक्क्यांनी घटली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढले. तीव्रता म्हणजे उत्सर्जन भागिले सकल देशांतर्गत उत्पादन. छेदातला विकासदर फुगवून धरला, की पुढच्या वर्षांचे उत्तर आपोआप देखणे दिसते.

वर्षाच्या बेरजेवरही आमचे समाधान नाही. सौर वीज दुपारी भरपूर असते, दिवेलागणीला नसते. रात्रपाळीच्या विजेवर पंप लावायला अंधारात बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला तासातासाचा अंदाज हवा.

वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीत कोणालाही हरकत नोंदवता येते. पुढच्या सुनावणीत आमची पहिली हरकत हीच असेल: याचिकेतल्या मागणीच्या प्रत्येक आकड्याशेजारी गेल्या दहा वर्षांचा अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी छापा. ज्यांना तक्ते वाचता येतात त्यांनी तक्ते वाचायला यावे. ज्यांनी जुनी बिले जपून ठेवली आहेत त्यांनी ती घेऊन यावे.