पाचटाबरोबर राखणदारही जळतो

ऊस तुटून गेला, की उजनीकाठी कंदर, वाशिंबे, केत्तूर भागात संध्याकाळी पाचटाचे जाळ दिसू लागतात. एक काडी ओढली की रान मोकळं! त्या जाळात आपला एक बिनपगारी राखणदारही जातो. तो म्हणजे जमिनीवर राहणारा लांडगा कोळी.

हा कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. मातकट रंगाचा, ढेकळांआड, काळ्या रानाच्या भेगांत, पाचटाखाली दबा धरतो आणि झडप घालून किडे पकडतो. रात्री बॅटरी कपाळाशी धरून बांधावर बघा, त्याचे डोळे दवाच्या थेंबासारखे चमकतात. मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून फिरते, पिले निघाली की पाठीवर घेते. एक मादी जळाली म्हणजे पुढची फौजच गेली.

तुडतुडे, लहान अळ्या हे त्याचे खाणे. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्याकडे सापडलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात मक्यावर आली. पोंग्यात घुसलेल्या अळीपुढे किंवा खोडात शिरलेल्या किडीपुढे कोळ्याचे काही चालत नाही, हे कबूल. पण उघड्यावर सापडलेली अळी तो सोडत नाही. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला, तो फवारण्या कमी पडल्या म्हणून नव्हे. फवारण्यांनी कोळी मेले म्हणून. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

मग आपण पाचट का जाळतो? उंदरांची भीती, सरीत पाणी पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाही. यात शेतकऱ्याचा आळस आहे असे मी म्हणणार नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट हाताने आवरणे सोपे आहे का? बुडखे जमिनीलगत छाटून, पाचटाची कुट्टी करून, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला खत आणि कोळ्याला घर मिळते. अडचण कुट्टी यंत्राची. ते हंगामात सगळ्यांना एकदमच लागते आणि एकट्याला परवडत नाही. सोसायटीने किंवा शेतकरी गटाने ते घेऊन भाड्याने द्यावे; ग्रामपंचायतीने तोडणी सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.

ज्याला यंदा जमणार नाही, त्याने निदान बांधाकडेच्या दोन-चार सऱ्यांतले पाचट तसेच ठेवावे. तिथूनच कोळी पुन्हा रानात पसरतो.