हात कुणाचे, हुकूम कुणाचा?

'ज्यूंनीच ज्यूंना जाळले' हे वाक्य गप्पांच्या ओघात फार सहज फेकले जाते. बोलणाऱ्याला वाटते, हिशेब संपला. खरे तर तो इथूनच सुरू होतो.

ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या छळछावणीत विषारी वायूने मारलेल्यांची प्रेते ओढून भट्टीत घालण्याचे काम 'झोंडरकोमांडो' या कैद्यांच्या तुकडीवर लादलेले होते. त्यांतले बहुतेक ज्यू. नकार दिला तर मरण आजच, होकार दिला तर काही महिन्यांनी. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी याच कैद्यांनी बंड करून एक भट्टीघर पेटवले. त्यात सुमारे साडेचारशे कैदी मारले गेले. यांना आपण गद्दार म्हणणार?

ज्यू पुढाऱ्यांच्या मंडळांनी सहकार्य केले नसते तर इतके बळी गेले नसते, असे हाना आरेंट यांनी १९६३ साली लिहिले. त्या स्वतः ज्यू, नाझींच्या तावडीतून निसटलेल्या. तरीही त्यांचा हा दावा मला पटत नाही. कीवजवळच्या बाबी यार दरीत सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. हा आकडा खुद्द जर्मन अहवालातला. त्यांना तिथे जमवायला भिंतींवर चिकटवलेला हुकूम पुरला. वॉर्सातील मंडळाचे प्रमुख अ‍ॅडम चेर्नियाकोव यांनी २३ जुलै १९४२ रोजी विष घेतले, पण लोकांना पाठवण्याच्या हुकुमावर सही केली नाही. म्हणून ट्रेब्लिंकाच्या गाड्या थांबल्या का? दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे तिकडे गेली.

मग सगळेच निर्दोष? नाही. मिळालेल्या दंडुक्याने हुकुमापेक्षा जास्त मारणारे कैदी-मुकादमही होते. त्यांच्या त्या जास्तीच्या क्रौर्याचा जाब विचारलाच पाहिजे. इस्रायलने १९५० साली त्यासाठी कायदा केला. पण त्याखाली खटले भरले गेले ते बहुतांशी छावणीतून वाचलेल्या ज्यूंवरच.

प्रीमो लेवी स्वतः ऑशविट्झमधून वाचले होते. अशा तुकड्या उभारणे हाच नाझींचा सर्वांत सैतानी गुन्हा, असे त्यांनी १९८६ साली लिहिले. जुलमाचा बोजा मजलुमाच्याच माथी मारायचा, हा त्यामागचा डाव होता. आज आपण 'ज्यूंनीच जाळले' म्हणतो तेव्हा तोच डाव पुढे नेतो. फैसला करायचाच असेल, तर आधी हुकूम देणाऱ्याचे नाव घ्या.