रामा शेट्टी आवाज चढवत नाही

सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला मेट्रोच्या खांबाखाली उभं राहून एकदा वर बघा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडलेले, मंद हसणारे किती 'भाऊ' दिसतात ते मोजा. मला तिथे दर वेळी 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आठवतो.

१९८३ चा सिनेमा. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम पुरीच्या सब-इन्स्पेक्टर वेलणकरबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते गुंडाच्या निवडीबद्दल. त्या काळात हिंदी सिनेमाचा व्हिलन म्हणजे आरडाओरडा आणि चमचमते कपडे. निहलानींनी 'हँड्स अप' या मराठी नाटकात सदाशिव अमरापूरकरांना पाहिलं आणि त्यांना घेतलं. नगरचा हा रंगभूमीवरचा माणूस हिंदी पडद्याला नवा होता. त्यांचा रामा शेट्टी बसल्या जागेवरून हळू आवाजात बोलतो, कारण ओरडायची गरजच नाही. पोलीस, पुढारी सगळे खिशात. आणि तो उभा कशाला राहतो? महापालिकेच्या निवडणुकीला!

गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडमध्ये १९७१ साली माइक हॉजेसने 'गेट कार्टर' करताना हेच केलं होतं. न्यूकॅसलच्या खऱ्या गल्ल्यांत, खऱ्या पबमध्ये शूटिंग. हिरो मायकेल केन. पण शहरातला बडा डॉन कोण, तर जॉन ऑस्बर्न, चक्क नाटककार. पत्त्यांच्या टेबलावर बसून तोही पुटपुटल्यासारखा बोलतो. दोघाही दिग्दर्शकांनी बरोबर ओळखलं होतं की खरी दहशत प्रतिष्ठित दिसते.

आपण मात्र अजून गुंड म्हणजे चाकू-तलवार हेच धरून बसलोय. गल्लीत दोन पोरं भांडली की ग्रुपवर शंभर मेसेज. आणि भाऊंचा बेकायदा फ्लेक्स फुटपाथ अडवून उभा असतो, त्यावर हायकोर्टाने कितीदा फटकारलंय, तरी आपण खालून वाकून जातो. वर कुणी तरी म्हणतंच, "अहो, पण कामं करतात ना!" रामा शेट्टीचीही कामं होतच होती की.

वेलणकरने शेवटी रामाचा गळा दाबला आणि स्वतः ठाण्यात हजर झाला. तो सिनेमा होता, आपल्याला तसलं काही करायचं नाहीये. उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, त्यात दाखल गुन्ह्यांची माहिती असते. कागद कंटाळवाणा, पण वाचता येतो. पुढच्या निवडणुकीत आपल्या प्रभागातल्या प्रत्येकाचं ते पान मी इथेच टाकणार आहे, सगळ्या पक्षांचं. आत्तापासून 'दादा, आमचं नको' असे फोन करू नका.